गुरुवारी चौथी, सोमवारी बाविसावी

१

त्या बाईला तुम्ही मारलंत. तुम्ही म्हणजे नेमके कोण, हे विचारायला आलं की दार दाखवता, कारण तुमचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. कागदावर असतं ‘आदेशानुसार’ आणि त्याखाली एक सही, जिच्यातलं एक अक्षर लागेल तर शपथ. तुम्ही सुरी चालवली नाही, विष घातलं नाही. तुम्ही एका भेटीत एक प्रश्न विचारलात, उत्तर न ऐकता गाडीत बसलात, आणि तीन वर्षांनी एक बाई आपल्या खुर्चीत चष्म्यासकट मरून पडली. कसं, ते सावकाश ऐका. ज्याने हे शोधून काढलं तो माणूसही सावकाशच चालतो. त्याचे गुडघे गेलेत.

बाई बाइंडिंग करायची. छापखान्यातून आलेली पानं घडी घालून, ओळीने लावून, शिवून पुस्तक करायचं, हे काम चाळीस वर्षं. तिच्या हातून पान मागे-पुढे झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. सहासष्टाव्या वर्षी हृदयाची झडप गेली. मोठ्या इस्पितळाने यादीत नाव घातलं आणि सांगितलं, थांबा. ती थांबली. शनिवारी दुपारी थांबता थांबता गेली.

सोमवारी तिची मुलगी इस्पितळात आली. रडली नाही, ओरडली नाही. अधीक्षकांच्या टेबलावर तिने आठ चिठ्ठ्या एकाखाली एक मांडल्या, आईने पानं मांडावीत तशा. आठ गुरुवारच्या आठ छापील चिठ्ठ्या. प्रत्येकीवर एकच आकडा होता: क्रमांक ४.

“आठवड्याला चार ऑपरेशनं होतात ना?” तिने विचारलं. “मग चौथा नंबर आठ आठवडे चौथाच कसा राहतो?”

अधीक्षकांनी सोमवारच्या छापील याद्या मागवल्या. ऑपरेशनला कोण जाणार ते त्या यादीवरून ठरतं. प्रत्येक सोमवारी बाईचं नाव होतं, पण वर नव्हतं. कधी एकविसावं, कधी बाविसावं, कधी तेविसावं. आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा चौथं.

“हिला खाली कुणी ढकललं?” मुलगी म्हणाली. “माणसाचं नाव सांगा. नाव घेतल्याशिवाय मी जाणार नाही.”

२

नाव संध्याकाळच्या आत सापडलं. इतक्या लवकर सापडलेलं नाव सहसा चुकीचं असतं, पण तेवढा विचार करायला तिथे कुणाला वेळ होता.

यादी सांभाळणाऱ्या कारकून बाईला सगळे यादीबाई म्हणत. दर सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास यादीबाईच्या लॉगिनवरून त्या मेलेल्या बाईची नोंद उघडली गेली होती. दुपारी बाराला यादी छापली जायची. नऊला उघडली, बाराला खाली. दोन अधिक दोन. यादीबाईला निलंबनाचं पत्र मिळालं आणि शुक्रवारपर्यंत चौकशीचा अहवाल पाठवा म्हणून वरून फोन आला.

चौकशीला लागतो माणूस. ज्याला आतलं सगळं ठाऊक आहे पण ज्याचं कुणी ऐकत नाही, असा. असा एक होता. यादीचा हा सगळा डेटाबेस चौदा वर्षांपूर्वी त्यानेच बांधला होता. निवृत्तीनंतर इस्पितळाने त्याला येण्याजाण्यासाठी एक कार्ड दिलं. त्यावर ठळक अक्षरांत ‘माजी’ आणि खाली बारीक अक्षरांत त्याचं नाव. खिशातल्या किल्ल्यांनी घासून नाव गेलं, माजी राहिलं. तेव्हापासून त्याला सगळे माजी म्हणतात. तोही ओ देतो.

“माजी, फार खोलात जाऊ नका,” अधीक्षक म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त गेली दहा वर्षं ते कशाच्याच खोलात गेले नव्हते. “लॉगिन आहे, वेळ आहे. एक पान लिहा आणि मोकळे व्हा.”

“क्रम बदलल्याची नोंद आहे का?”

“म्हणजे?”

“यादीतलं नाव उचलून वर-खाली ठेवलं की मशीन लिहून ठेवतं. कुणी उचललं, कधी, कुठून कुठे. तशी सोय केली होती मी.”

अधीक्षकांनी एक कागद पुढे सरकवला. मेलेल्या बाईच्या नावाने काढलेली क्रमबदलाची नोंद. वर तारखा, खाली रकाने.

रकाने कोरे होते. त्या बाईचं नाव आठ आठवड्यांत एकदाही कुणी उचललं नव्हतं.

३

यादीबाई दोन खोल्यांच्या घरात राहत होती. टेबलावर मटारच्या शेंगांचा ढीग होता आणि ती तो असा सोलत होती की जणू प्रत्येक शेंगेवर कुणाचं तरी नाव आहे. आतल्या खोलीत सासूबाई खोकत होत्या.

“या माजी. तुम्हीच यायचे राहिला होतात.”

“बसू का? जिना चढून आलोय.”

“बसा की. निलंबित माणसाच्या घरी खुर्च्या रिकाम्याच असतात.”

तो बसला. गुडघ्याने कुरकुर केली.

“यादीत कुणाला उचलून ठेवलंस?”

“अठरा वर्षं काम केलं, आता तुम्ही असं विचारणार?” तिने शेंग फोडली. “मला नाव उचलायची परवानगीच नाही. ती डॉक्टरांना. गुरुवारी त्यांची बैठक होते, ते बोटाने नाव धरतात आणि दोघांच्या मध्ये नेऊन ठेवतात. मी समोर बसून चहा गार होताना बघते. एवढाच माझा अधिकार.”

“मग सोमवारी नऊला तिची नोंद का उघडायचीस?”

“फोन नंबर बदलायला. खिडकीवरून चिठ्ठी यायची, मी घालायचे. बस.”

फोन नंबरचा आणि क्रमाचा संबंध नाही. क्रमाचा रकाना वेगळा, फोनचा वेगळा. त्याने स्वतःच्या हाताने ते वेगळे ठेवले होते. म्हणजे ही बाई एक तर खरं सांगत होती किंवा फार हुशारीने खोटं.

“माझं पेन्शन जाईल, ते जाऊ दे,” ती म्हणाली. “पण सासूबाईंना काल शेजारणीने विचारलं, तुमच्या सुनेने पेशंट मारला म्हणे. त्या मला काही बोलल्या नाहीत. रात्री ताट वाढलं तर म्हणाल्या, नको. तेवढंच. खरं सांगा, अहवालात माझंच नाव लिहून आणलंय ना तुम्ही?”

“कोरा आहे अजून.”

“मग एक विचारा स्वतःला. मला तिला खाली ढकलायचंच असतं, तर दर गुरुवारी वर कुणी आणून ठेवलं? मीच? एवढी हौस मला असती तर घरचे पडदे नसते का धुतले?”

माजीने पडद्यांकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात मुद्दा होता.

४

मोठे डॉक्टर दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. ते असेच झोपतात म्हणे, घोड्यासारखे.

“विचारा,” ते डोळे न उघडता म्हणाले.

“दर गुरुवारी ती चौथी दिसायची?”

“दिसायची. तिघं तातडीचे वर, मग ती. चार टेबलं, तीन तातडीची, एक यादीचं, हा आपला नेम. म्हणजे चौथा नंबर हाच यादीतला खरा पहिला. मी स्वतः म्हणालो होतो, या सोमवारी या बाई.”

“आणि सोमवारी नाव दुसरंच असायचं.”

“ऑपरेशनला मला नाव दिसत नाही, छाती दिसते. टेबलावर जो आणतील तो.” त्यांनी डोळे उघडले. ते लाल होते. “दोनदा लक्षात आलं माझ्या. वाटलं, ताप आला असेल, घरचे नको म्हणाले असतील. विचारायला हवं होतं. नाही विचारलं. हे लिहा तुम्ही.”

“तुम्ही कुणाला तिच्या वर आणून ठेवलंत?”

“तिच्या आसपास ठेवले खूप. गेल्या दोन-तीन वर्षांत किती जणांना तिथे मधे बसवलं असेल. पण तिच्या वर म्हणून नाही, जिथे दोघांत जागा दिसेल तिथे.” ते जरा थांबले. “काय हो, तुमच्या यादीत पूर्वी कसले ते शेकडे असायचे ना? शंभर, दोनशे, तीनशे?”

“असायचे.”

“ते साहेब आले होते वरून, आठवतंय? पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, तीनशेनंतर एकदम चारशे? मधले नव्याण्णव पेशंट कुठे गेले? तुम्ही काहीतरी सांगायला तोंड उघडलंत आणि साहेब गाडीत जाऊन बसले.” डॉक्टर हसले, पण हसण्यात दम नव्हता. “तेव्हापासून एक-दोन-तीन. सुबक. पाहुण्यांना दाखवायला बरं.”

परिचारिकेने दारातून खूण केली. डॉक्टर आत गेले. माजी तिथेच, त्यांच्या पाठीने गरम झालेल्या भिंतीला टेकून उभा राहिला. नव्याण्णव पेशंट. हा विनोद तो तीन वर्षं लोकांना सांगत आला होता. आज पहिल्यांदा त्याला हसू आलं नाही.

५

इस्पितळाच्या चौकशी-खिडकीवरचा माणूस बोलका होता. दिवसभर काचेच्या भोकातून बोलून त्याचा आवाज काचेबाहेरही भोकातून आल्यासारखा यायचा.

“बाइंडिंगवाल्या बाईंची मुलगी? तिला कोण विसरेल. घड्याळ लावून घ्या. बुधवारी सकाळी सातला आईला घेऊन हजर, तपासणीच्या रांगेत पहिली. कारण नऊला तिची कामाची पाळी. वजन, रक्तदाब, पहिली नोंद हिच्या आईची. मग शुक्रवारी संध्याकाळी शेवटची तीच आणि सोमवारी साडेआठला पहिली तीच.”

“शुक्रवारी आणि सोमवारी कशाला?”

“नंबर बदलायला. बाटल्यांच्या कारखान्यात आहे ती. मोबाईल गेटवर कपाटात ठेवून घेतात, आत नेऊ देत नाहीत. ऑपरेशनचं बोलावणं सोमवारी दुपारी तीनला फोनवर जातं. तेव्हा ती आत. म्हणून सोमवारी गेटवरच्या वॉचमनचा नंबर द्यायची, आणि शनिवार-रविवार घरी, म्हणून शुक्रवारी स्वतःचा. मी म्हटलं, ताई, दोन्ही लिहून ठेवू का? तर फॉर्ममध्ये रकाना एकच.” त्याने खांदे उडवले. “मी चेष्टा करायचो, तुमच्या आईपेक्षा तुमचा फोनच जास्त आजारी दिसतो. हसायची बिचारी. एकदा म्हणाली, काका, फोन वाजला आणि मी उचलला नाही, असं आयुष्यात एकदाच होईल आणि तेच पुरेल.”

माजी तळमजल्यावरच्या नोंदींच्या खोलीत गेला. निवृत्तीनंतरही त्याची खुर्ची तिथेच होती, तिचा एक पाय अजून पुठ्ठ्यावर टेकलेला. पडद्यावर यादी होती. सगळ्यांना दिसते तशी: १, २, ३, ४. पण हे आकडे यादीतले नसतात. मशीन वरून खाली मोजतं आणि बाजूला लिहितं, इतकंच. खरा क्रम मागे एका रकान्यात साठवलेला असतो, आणि तो रकाना गेल्या तीन वर्षांत कुणी उघडून पाहिला नव्हता. कारण दिसायला सगळं सुबक होतं.

त्याने तो रकाना छापून घेतला. मेलेल्या बाईच्या शेवटच्या सोमवारचा.

पहिल्या तीन ओळी, तातडीच्या, ठीक होत्या: ३, ६, ९. चौथ्या ओळीत बारा. पाचव्या ओळीत बारा. सहाव्या ओळीत बारा. त्याने बोट खाली नेलं. बारा, बारा, बारा. कागदाच्या तळाशी, बाविसाव्या ओळीत, बाइंडिंगवाली बाई. तिचाही क्रम बारा.

एकोणीस माणसं एकाच आकड्यावर बसली होती.

६

हे कसं झालं, ते त्याला कुणी सांगायला नको होतं.

समजा एक लांब बाक आहे. लोक खेटून बसवले, तर मधे येणाऱ्याला जागा करायला सगळ्यांना उठवावं लागतं. म्हणून माजीने चौदा वर्षांपूर्वी लोकांना अंतर ठेवून बसवलं होतं: शंभरवर एक, दोनशेवर दुसरा, तीनशेवर तिसरा. डॉक्टरांनी कुणाला तीनशे-चारशेच्या मधे ठेवलं की त्याला साडेतीनशे मिळायचे. बाकीचे जागचे हलत नसत. दर रविवारी मशीन सगळ्यांना पुन्हा शंभर-शंभरवर नीट बसवायचं, म्हणजे जागा कधी संपत नसे.

मग साहेब आले. नव्याण्णव पेशंट कुठे गेले. आठवड्यात आदेश आला: मधली अंतरं काढून टाका, क्रम पूर्ण आकड्यांत एक-दोन-तीन असाच ठेवा, रविवारची मांडणी बंद करा. आदेशानुसार.

आता डॉक्टरांनी अकरा आणि बाराच्या मधे कुणाला ठेवलं की मशीन साडेअकरा काढणार, आणि पूर्ण आकडाच हवा म्हणून बारा करणार. पुढचा आला, तोही बारा. तीन वर्षांत डॉक्टरांनी ज्यांना तिथे मधे बसवलं ते सगळे बाराच्या मांडीवर बसले. अकरापर्यंतची माणसं वरून संपत गेली, तोवर कुणाला काही कळलं नाही. आठ आठवड्यांपूर्वी बाराचा घोळका सगळ्यात वर आला.

इथवर दोष आदेशाचा. पण माजी अडकला तो पुढच्या प्रश्नापाशी. दोघांचा आकडा एकच असेल, तर आधी कोण?

त्याचं उत्तर त्यानेच लिहून ठेवलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, एका ओळीत. असं कधी होणार नाही, पण झालंच तर, ज्याच्या नोंदीला सगळ्यात जास्त दिवस कुणी हात लावला नाही तो आधी. ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, त्याच्याकडे आधी पाहा. त्या दिवशी त्याने घरी जाऊन बायकोला हे कौतुकाने सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “शहाणे आहात. चहा गार झाला.”

त्याने यादीची एक प्रत वेगळी काढली, खऱ्या यादीला धक्का न लावता. बाईला बाराच्या घोळक्यात वर ठेवलं, चौथी. मग तिच्या फोन नंबरातला शेवटचा आकडा पुसला, तोच पुन्हा लिहिला आणि साठव म्हटलं.

बाई पडद्यावरून नाहीशी झाली. त्याने यादी खाली सरकवली. बाविसावी.

बुधवारी तपासणीत सगळ्यांच्या नोंदींना हात लागायचा. पहिला हात तिच्या नोंदीला, कारण मुलगी सातला आणायची. म्हणजे घोळक्यात सगळ्यात जुना हात तिचा, म्हणून गुरुवारी ती चौथी. शुक्रवारी फोन नंबर बदलला, सोमवारी पुन्हा बदलला. सगळ्यात ताजा हात तिचा, म्हणून ती घोळक्याच्या शेवटी. बाराला यादी छापली. तीनला फोन गेला, दुसऱ्या कुणाला.

खुनी सापडला होता. ज्या मुलीने फोन एकदाही चुकू दिला नसता, तिने दर सोमवारी सकाळी, स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून, आईला अठरा माणसांच्या मागे नेऊन बसवलं होतं.

माजीने अहवालाचा कोरा कागद पुढे ओढला. यादीबाईला सोडवायचं तर फोन नंबरचं लिहावं लागणार. तक्रार मुलीची, म्हणजे अहवालाची प्रत मुलीला जाणार. एकीला वाचवायचं तर दुसरीला सांगायचं. आणि एक पान लिहून मोकळं व्हायचं तर दोन्हींतलं काहीच करायला नको, यादीबाई आहेच.

७

गुरुवारी दुपारी तो कारखान्याच्या गेटवर गेला. वॉचमनने त्याचा मोबाईल मागितला.

“मी आत जात नाहीये.”

“मग ठीक. त्या ताईंना भेटायचंय? त्यांच्या आईचं बोलावणं आलं का?” वॉचमन उठून उभा राहिला होता. “सोमवारी मी दुपारी जागचा हलत नाही हो. जेवणसुद्धा चारनंतर.” त्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

सुट्टीच्या भोंग्यानंतर ती आली. हातमोजे काढून तिने खिशात कोंबले. दोघं गेटसमोरच्या कठड्यावर बसले. माजीने सगळं सांगितलं, बाकापासून सुरुवात करून. काही गाळलं नाही. स्वतःची ती एक ओळही गाळली नाही. सांगून झाल्यावर त्याने पायाशी पाहिलं, कारण वर पाहायची हिंमत नव्हती.

“म्हणजे मी,” ती म्हणाली.

“नाही.”

“नाही काय. मी नंबर बदलला नसता तर ती वर राहिली असती. त्या पहिल्याच सोमवारी.”

“राहिली असती. आणि तीनला तुझ्या मोबाईलवर फोन आला असता. मोबाईल त्या कपाटात. फोन उचलला नाही की पुढच्याला बोलावतात, हाही नेम आहे.” तो थांबला. “तुझ्यासाठी बरोबर असं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं कुणी. एक रकाना जास्त दिला असता तर.”

बरीच माणसं गेटमधून बाहेर पडली. कुणी तिला हात केला, तिने केला नाही.

“ते खिडकीवाले काका मला चिठ्ठी द्यायचे. क्रमांक चार. मी घरी नेऊन आईला दाखवायचे. ती म्हणायची, छापलंय म्हणजे बरोबरच असेल. चाळीस वर्षं छापलेलं शिवलं ना तिने.” तिने नाक पुसलं. “त्या यादीबाईंना काढलंय?”

“उद्या काढतील. नाही लिहिलं तर.”

“त्यांनी तर मी सांगितलं तेच केलं. लिहा. माझं खरं लिहा. पण असल्या कागदात नावं कुठल्या क्रमाने लावतात ते मला माहितीये, कारखान्यातही असंच असतं. बाटली फुटली की आधी हातमोजेवाल्याचं नाव, मग त्याच्या वरच्याचं. मालकाचं पान येईस्तोवर वाचणारा झोपतो.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “माझ्या आईने एक पान कधी चुकीचं लावलं नाही. तुम्ही तरी नीट लावा.”

अहवालाचा नमुना ठरलेला होता. ‘जबाबदार व्यक्ती, कनिष्ठांपासून वरिष्ठांकडे.’ माजीने शुक्रवारी सकाळी तो नमुना समोर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा छापलेल्या सूचनेवर रेघ मारली.

अधीक्षकांनी वाचलं. पहिल्या ओळीवर थबकले.

“माजी, हा क्रम बरोबर नाही.”

“बरोबर आहे. या वेळी मी हाताने लावलाय.”

“हे वर जाणार नाही.”

“जाईल. एक प्रत मुलीला टपालाने गेली, एक यादीबाईला. सकाळीच. तिच्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव म्हणून सांगितलंय.”

अधीक्षकांनी अहवाल दुसऱ्यांदा वाचला. मग यादीबाईचं निलंबनाचं पत्र फाइलमधून काढून त्यावर ‘रद्द’ लिहिलं. आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच सहीखाली आपलं पूर्ण नाव घातलं.

अहवाल एक पानाचाच होता. त्यात असं होतं:

जबाबदार, पहिले: अंतरं काढण्याचा आदेश देणारं कार्यालय. नाव वाचता येत नाही.

दुसरा: मी. आदेश आला तेव्हा दोन नोंदी एकाच आकड्यावर येतील असं दोन ओळींचं पत्र मी लिहिलं. ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं. त्या वेळी माझी निवृत्ती तीन महिन्यांवर होती. एका आकड्यावर आल्यावर पुढे काय होईल, ते मला माहीत होतं आणि मी पुन्हा लिहिलं नाही. पुष्पगुच्छ घेऊन घरी गेलो.

तिसरे: डॉक्टर. दोनदा लक्षात येऊन त्यांनी विचारलं नाही. हे त्यांनीच लिहायला सांगितलं.

यादीबाईने दिलेलं काम केलं. मयताच्या मुलीने दर शुक्रवारी आणि सोमवारी फोन नंबर बदलून घेतला, कारण फॉर्ममध्ये रकाना एकच होता. त्या बदलाने मयताचं नाव मागे गेलं. या दोघींचा दोष नाही, म्हणून त्यांना क्रमांक दिलेला नाही.

बाराच्या आकड्यावर आजही अठरा माणसं बसली आहेत. आज सकाळी त्यांतल्या एकाच्या मुलाने पत्ता बदलून घेतला. तो मागे गेला असेल.

तुम्ही विचारलं होतंत, तीनशेनंतर एकदम चारशे, मधले नव्याण्णव पेशंट कुठे गेले. ते पेशंट नव्हते. उशिरा येणाऱ्या माणसासाठी ठेवलेली ती जागा होती. तेव्हा उत्तर ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. आता आमचा एकच प्रश्न आहे आणि आम्ही थांबलो आहोत: गुरुवारची चौथी बाई कुठे गेली? लेखी उत्तर द्या. सही वाचता येईल अशी करा.